नेणाऱ्याचा रकाना

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आज रुजू झाले! राऊहून तुकोगंजला स्कूटीवर पाऊण तास लागला. पुढे उर्वी उभी, आणि तिच्या पायांत सँडल उलटे. डावा उजव्यात, उजवा डाव्यात. तीन वर्षांची झाल्यापासून सँडल ती स्वतःच घालते आणि उलटेच घालते. सरळ करायला गेलं की भर रस्त्यात लोळण. मी नाद सोडलाय.

पाळणाघर तळमजल्यावर आहे, वर दाताच्या डॉक्टरांचा दवाखाना. तेवीस मुलं, दीड ते साडेचार वर्षांची. पिवळ्या भिंती, चपलांची बुटकी मांडणी, दुपारच्या झोपेच्या छोट्या गाद्या. मालकीणबाई शालिनीताई राऊला दुसरी शाखा काढताहेत, म्हणून इथला कारभार माझ्याकडे. माझ्या हाताखाली तीन आया. त्यांतल्या द्वारकाबाई सगळ्यांत जुन्या, बावीस वर्षं इथेच. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि माझ्यापुढे पोहे ठेवले. वर जिरावणाचा तिखट मसाला इतका की ठसका लागला. हे बहुतेक स्वागत असावं.

ही वही कोर्सची. ‘बालसंगोपन केंद्र व्यवस्थापन’ असं भारदस्त नाव आहे. साठ दिवस केंद्र चालवून दाखवायचं, रोज अनुभव लिहायचा आणि शेवटी ‘आज मी काय शिकले’ ही ओळ टाकायची. त्याशिवाय प्रमाणपत्र नाही.

पण ही नोकरी मी प्रमाणपत्रासाठी धरली नाही. देवासच्या शाळेत होते तेव्हा उर्वीला शेजाऱ्यांकडे ठेवून जायचे. संध्याकाळी परतले की ती खिडकीच्या गजाला धरून उभी असायची. दुपारी तीनपासून उभी राहते, असं शेजारीण सांगायची. इथे ती दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर राहील, तेवढ्यासाठीच हे सगळं.

एक गंमत. बाकीच्या मुलांना वाईट वाटू नये म्हणून उर्वीने मला इथे ‘मॅडम’ म्हणायचं, असा शालिनीताईंचा नियम आहे. दिवसभर तिने तो अगदी शिस्तीत पाळला. संध्याकाळी फाटकाबाहेर पाऊल पडताच ‘आई!’ अशी किंचाळली की वरून दाताचे पेशंट डोकावले.

आज काय शिकले: पोह्यांवरचं जिरावण आधी झटकावं.

५ फेब्रुवारी, बुधवार

मी शांत स्वभावाची बाई नाही, हे हृषीकेश लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून सांगतोय. आज त्याचं म्हणणं पटलं.

डायपर ओल्या कचऱ्यात. तिसरा डबा कशासाठी ठेवलाय, असं विचारलं तर तिघीही छताकडे बघायला लागल्या. सकाळी कचरागाडीवाल्याने मलाच चार शब्द सुनावले. दुधाच्या बाटल्यांवर नावं नाहीत. द्वारकाबाईंना सगळ्या बाटल्या झाकणावरून ओळखू येतात म्हणे. मानस नावाचा अडीच वर्षांचा एक मुलगा आहे, तो चावतो. आज दोघांना चावला, तिसरी मी. त्याची आई डॉक्टर शिखा. ती हसून म्हणाली की घरी तर माझी चाळणी झालीय, आणि बाही वर करून दाखवली. दंडावर दातांचे निळे अर्धगोल उमटले होते.

तन्वीची वेगळीच तऱ्हा. आजोबांचा रुमाल मुठीत असल्याशिवाय ती डोळे मिटत नाही. रुमाल धुवायचाही नाही.

कोर्सच्या पुस्तकात गुबगुबीत, हसरी मुलं आहेत. ती कुठल्या गावची, कोण जाणे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज कपाळावर हात मारून घेतला.

इथे एक मोठं हजेरी रजिस्टर आहे. मुलाचं नाव, वय, आणणारी व्यक्ती, वेळ, आणि शेवटी नेणारी व्यक्ती, वेळ, सही. सकाळी साडेदहाला सहज उघडलं तर तेवीसच्या तेवीस मुलांचा ‘नेणारी व्यक्ती’ हा रकाना भरलेला! मम्मी, पापा, दादाजी, नानी. अजून जेवणं व्हायचीत आणि पोरं कागदावर घरी पोहोचलीसुद्धा.

द्वारकाबाई रोज सकाळी हेच करतात. त्यांना लिहिता येतं तेवढेच पाच-सहा शब्द, आणि ते त्या याच रजिस्टरासाठी शिकल्या. मी समजावलं की मूल न्यायला माणूस समोर उभा राहील तेव्हाच तो रकाना भरायचा, त्यालाच तर अर्थ आहे. उद्या कोणी भलताच येऊन मूल घेऊन गेला तर? त्या म्हणाल्या, “इसीलिए तो भरती हूँ, मॅडमजी.” वर ‘कॉलम खाली मत रखो’, म्हणजे रकाना कोरा ठेवू नका, हेच पालुपद.

जुन्या पानांवर बोट फिरवलं. वर्षानुवर्षं सकाळीच भरलेलं रजिस्टर. तपासायला आलेल्या कोणालाही दिसलं नाही. सोमवारपासून हे बंद. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत नियम लिहून आलेय.

१० फेब्रुवारी, सोमवार

नियमाचा पहिला दिवस. द्वारकाबाईंनी तरी भरलाच. मी व्हाइटनर घेऊन बसले आणि तेवीस रकाने एकेक करून पांढरे केले, त्यांच्या देखत. त्यांना दुखवायचं नव्हतं, पण लाड किती करायचे? संध्याकाळी मात्र फाटकाशी उभं राहून प्रत्येक पालकाकडून त्यांनी सही करून घेतली, हात जोडून. एकही सुटली नाही. म्हणजे मनात आणलं तर जमतं.

आज काय शिकले: ठाम राहावं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काल द्वारकाबाई बरं नाही म्हणून सव्वासहालाच गेल्या. शिखा फोनवर बोलत आली, मानसला काखोटीला मारलं आणि सही न करता गाडीत बसली. मी हाका मारल्या, पण ऐकतंय कोण? रकाना कोरा राहिला. उद्या करून घेऊ, म्हटलं. पावणेसातच्या आत कुलूप लावून आम्ही दोघी निघालो.

आज सकाळी बघते तर रकाना भरलेला. ‘मावशी’. वेळ ६.५२. शाईपेनाने काढलेलं गोल, सावकाश, जुन्या वळणाचं अक्षर. आमच्याकडे शाईपेन नाही. हे कोणी केलं, म्हणून तिन्ही आयांना फैलावर घेतलं. दोघी म्हणाल्या, आम्ही नाही. द्वारकाबाईंनी पान पाहिलं आणि मानसचं नाव घेऊन रडायला लागल्या. मानस तर समोर ठोकळे रचत होता! मला हे नाटक वाटलं, आणि मी तसं तोंडावर बोलले.

मानस आज कोणालाही चावला नाही. दुधीची भाजी पूर्ण संपवली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मानस सुधारला. सुधारला म्हणजे किती? जिथे बसवलं तिथे बसतो. एक वाजता गादी दाखवली की आडवा होतो, अडीचला डोळे उघडतो. खेळणं काढून घेतलं तरी हात तसाच धरून ठेवतो, पुन्हा देईपर्यंत. चार दिवसांत एकदाही रडला नाही. शिखाने पालकांच्या ग्रुपवर माझं कौतुक लिहिलं. शालिनीताईंचा फोन आला, ‘यू आर अ नॅचरल.’

छान वाटायला हवं होतं. द्वारकाबाई त्याला हात लावत नाहीत. बाटलीसुद्धा दुसऱ्या बाईच्या हातून देतात. मी खडसावलं तर म्हणाल्या, “ये वो नहीं है.” उर्वीही त्याच्याशेजारी बसत नाही. का, विचारलं तर म्हणाली, मॅडम, तो बघत नाही. मी म्हटलं, बघतो की. ती म्हणाली, डोळे उघडे ठेवतो फक्त.

तीन वर्षांच्या मुलीचं बोलणं. तिच्यावर द्वारकाबाईंचा परिणाम होतोय.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

तन्वीला न्यायला तिचे आजोबा येतात, चिंतामणराव. स्कूटर, कानटोपी, डिकीत शेव. सही म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. काल माझ्याशी वादच घातला, की “अहो संहिताजी, रोजचाच माणूस मी, साइन कशाला पाहिजे? दुसऱ्याची पोरगी थोडीच घेऊन जातोय!” हात थरथरतो, त्याची त्यांना लाज वाटते, हे मला नंतर कळलं. द्वारकाबाई रजिस्टर घेऊन स्कूटरमागे धावल्या. मी ओरडून थांबवलं. काय ते दृश्य, रस्त्यावर!

आज सकाळी: तन्वी. ‘मावशी’. ६.५२. तेच अक्षर.

आता माझा संयम संपला. मी शालिनीताईंना सांगून द्वारकाबाईंची बदली राऊच्या शाखेत करवली. रजिस्टरात खोटं लिहिणारी बाई मला नको.

जाताना त्या माझ्या समोर बसल्या आणि सगळं सांगून गेल्या. फार पूर्वी इथे संध्याकाळच्या पाळीला सुलोचना नावाची आया होती, मराठी. मुलं तिला मावशी म्हणायची. दृष्टी अधू होत गेलेली. माणसं ओळखता येईनात, म्हणून ती रजिस्टर डोळ्यांना लावून त्यावरच भिस्त ठेवायची. एका संध्याकाळी एका मुलीचा रकाना कोरा राहिला आणि मुलीला न्यायला कोणीच आलं नाही. पावणेसात झाले तेव्हा सुलोचना म्हणाली की हिला माझ्या घरी नेते, आणि पोरीचं बोट धरून बाहेर पडली. चौकात ट्रकखाली दोघी गेल्या. तेव्हापासून ज्याचा रकाना कोरा, त्याला कोणी न्यायला आलं नाही असं धरून ती घेऊन जाते. आई-बाप समोरून घेऊन गेलेले तिला दिसत नाहीत. द्वारकाबाईंचे शब्द असे, “उसको बच्चा नहीं दिखता, रजिस्टर दिखता है.” मग घरी जातं ते काय, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, जो बच गया, वो.

मी ऐकून घेतलं आणि बदलीच्या कागदावर सही केली. बावीस वर्षं काम केलं की माणूस असं काहीतरी मनात धरून बसतो.

चपलांच्या मांडणीखाली तन्वीच्या आजोबांचा रुमाल सापडला. तिला द्यायला गेले. तिने घेतला नाही. गादीवर पडली आणि लगेच डोळे मिटले.

२४ फेब्रुवारी, सोमवार

कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पंधरा दिवस राहतं. लिहिणारा चोर पकडायचा म्हणून आज दुपारी, मुलं झोपलेली असताना पाहिलं.

१२ तारीख. ६.२१ ला शिखा मानसला घेऊन जाते. स्पष्ट दिसते. ६.४० ला मी कुलूप लावते. खोली रिकामी. बाहेरच्या दिव्याचा उजेड खिडकीतून चपलांच्या मांडणीवर पडलाय.

६.५२ ला मांडणीशी मानस उभा आहे.

पाठीला दप्तर. उजवा हात वर, मूठ वळलेली. मोठ्या माणसाचं बोट धरताना मुलं करतात ना, तशी. शेजारी कोणी नाही. त्याचं तोंड उघडं आहे, तो रडतोय. आवाज येत नाही, कॅमेऱ्याला माइक नाही. मग हात ओढला जावा तसा तो पुढे होतो, मागे वळून बघत, दाराकडे. दार उघडत नाही. पण तो त्यानंतर दिसत नाही.

२० तारीख पाहिली. तन्वी. तिच्या हातून रुमाल पडला. ती वाकली, हात खेचला गेला, रुमाल राहिला.

मी ते कितीदा पाहिलं, आठवत नाही. मागे वळून पाहिलं तर मानस गादीवर, डोळे मिटलेले. तन्वी गादीवर, डोळे मिटलेले. दोघांचे हात अंगालगत.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

शालिनीताईंना दाखवलं. म्हणाल्या की कॅमेरा जुना आहे, एकावर एक रेकॉर्ड होतं, आणि पालक खूश असताना मी असलं काही पसरवू नये. माझं डोकं असं तापलं! दोन मुलं गेली आहेत हो! पण कुठे गेली, असं विचारलं तर काय सांगू? ती तर समोर बसून खिचडी खाताहेत. केंद्राच्या अपघात-नोंदीच्या फॉर्मवर दुखापत, ताप, उलटी, पडणे असे रकाने आहेत. ‘मूल रडत नाही’ हे कुठे लिहू?

हृषीकेशला सांगितलं. पिथमपूरहून दमून आला होता. म्हणाला, कोर्सचा ताण घेऊ नकोस.

आज सकाळी साडेनऊला, पहिलं मूल आल्याबरोबर, मी स्वतः रजिस्टर उघडलं आणि सगळे रकाने भरले. मम्मी. पापा. दादाजी. व्हाइटनरची बाटली कचऱ्यात टाकली. सुक्या.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

रोज भरतेय. कोणी गेलं नाही. बाकीची सगळी मुलं धडपडतात, भांडतात, एकमेकांच्या डोक्यात वाळू घालतात. इतकं बरं वाटतं की सांगता येत नाही.

शिखाला गाठलं. कसं विचारावं कळेना. म्हटलं, मानसमध्ये काही बदल वाटतो का? ती आधी हसली, आता नाइट ड्यूटीनंतर झोप तरी मिळते म्हणाली. मग एकदम बाही वर केली. निळे अर्धगोल पुसट झाले होते. खालच्या आवाजात म्हणाली की मी रोज त्याच्या तोंडाजवळ हात नेते. तो चावतच नाही.

ती रडायच्या आत मोबाइल वाजला आणि ती गेली. मी सही मागितली नाही. सकाळीच भरलं होतं.

४ मार्च, मंगळवार

दमले. पण आजचा दिवस एकदाचा पार पडला.

कोर्सची परीक्षक आली. न सांगता, सकाळी दहाला. रजिस्टर उघडलं आणि जे व्हायचं तेच झालं. भरलेले रकाने बघून तिने भुवई उंचावली आणि तीन आठवड्यांपूर्वी मी द्वारकाबाईंना ऐकवलं होतं ते सगळं शब्दन् शब्द मला ऐकवलं. पान फाडून नवं करायला लावलं. प्रमाणपत्राचं मला काही नाही, पण नापास झाले तर नोकरी जाणार, नोकरी गेली तर उर्वी पुन्हा खिडकीच्या गजाशी.

त्यात तिने विचारलं, ही चोविसावी मुलगी कोण? म्हटलं, माझी. आवारातल्या प्रत्येक मुलाची नोंद हवी म्हणे, कर्मचाऱ्याचं असलं तरी. तिच्या समोरच लिहिलं. क्रमांक २४. उर्वी. वय ३. आणणारी व्यक्ती: आई.

दिवसभर परीक्षकबाई माझ्या खुर्चीशेजारी बसून राहिल्या, रकाना आधी भरायची सोयच नव्हती. संध्याकाळी मी फाटकात अशी उभी राहिले की माशी सुटू नये. चिंतामणरावांचा हात धरून सही करवली. शिखाला गाडीतून उतरवलं. तेविसाव्या मुलाची सही साडेसहाला झाली. तेवीस! मी रजिस्टर मिटलं आणि परीक्षकबाईंनी ‘समाधानकारक’ असा शेरा दिला. मला रडू आलं, सुटल्यासारखं.

उर्वी फाटकाबाहेर नेहमीसारखी ‘आई!’ म्हणून किंचाळली. स्कूटीवर प्रश्नांची सरबत्ती. उंटाला गुडघे किती, पोलीसकाका शी कुठे करतात. सिग्नलला थांबलो होतो, तेव्हा विचारत होती की आई, चंद्र आपल्यामागे का— आणि एकदम गप्प झाली. डुलकी लागली असेल, दिवसभर झोपली नव्हती.

घरी आल्यावर वरण-भात-दुधी, सगळं निमूट खाल्लं. दुधी! हृषीकेश म्हणाला, तुझ्या कोर्सचा उपयोग होतोय.

आज काय शिकले: नियम पाळूनही निभावता येतं.

५ मार्च, बुधवार

सकाळी सँडल तिने घातले. सरळ.

मी दारातच बसले. काढले, उलटे करून तिच्या पुढ्यात ठेवले. तिने उचलले आणि सरळ घातले.

पाऊण तास स्कूटी. एक प्रश्न नाही.

रजिस्टर उघडायचं नव्हतं. उघडलं. क्रमांक २४. नेणारी व्यक्ती— मी भरलंच नव्हतं. माझीच मुलगी, मी कोणाला सही देणार? डोक्यातच आलं नाही. तेवीस मोजले. तेवीस मोजत बसले आणि—

‘मावशी’. ६.५२.

संध्याकाळी फाटकाबाहेर आलो. मी थांबले. हात जोडले, खरंच हात जोडले. म्हण ना गं. उर्वी, आता बाहेर आलो, म्हण.

तिने माझ्याकडे तोंड केलं आणि म्हणाली, मॅडम.

६ मार्च, गुरुवार

‘मावशी’ खोडून ‘आई’ लिहिलं. चार वेळा. पान फाटलं. काही नाही.

राऊच्या शाखेत गेले. द्वारकाबाईंचे पाय धरले. त्यांनी मला उठवलं, पदराने तोंड पुसलं. कसं सांगू, किती वाईट बोलले होते मी त्यांना. त्यांना विचारलं की ‘आणणारी व्यक्ती’ या रकान्यात मावशी लिहिलं तर ती परत आणील का? त्यांनी ते बावीस वर्षांत दोनदा करून पाहिलंय. येत नाही. “वो शाम की पाली वाली थी, मॅडमजी. सबेरे का काम उसका नहीं.” ती कधीच कोणाला आणत नसे. फक्त नेत असे.

एवढंच. पाळीचा नियम.

हृषीकेश म्हणतो, पोरगी शहाणी झाली तर तू रडतेस काय? मी ताट आपटलं. उर्वी— ती— दचकलीसुद्धा नाही.

७ मार्च, शुक्रवार

कॅमेरा पाहिला. ४ तारीख. नको होतं पाहायला.

मांडणीशी उभी आहे. सँडल उलटे. ती रडत नाहीये. आजूबाजूला बघतेय. शोधतेय. ओठ हलतात, तोच एक शब्द, पुन्हा पुन्हा. आत आहे म्हणून ‘मॅडम’ म्हणतेय. माझं शहाणं बाळ, अजून आतच आहे म्हणून नियम पाळतेय. मग हात ओढला जातो. दाराशी पोहोचते आणि तोंड मोठं उघडतं— ‘आई!’

आवाज नाही.

कुठे नेते ती? तिथे हिला कोण भरवतं? दुधी दिला तर थुंकते ही. लोळण घेतली तर कोण उचलेल?

तीनपासून उभी असेल. तिथे खिडकी असेल तर.

८ मार्च, शनिवार

आज अर्धा दिवस. दोनला मुलं गेली. सगळ्यांच्या सह्या झाल्या, मी दोनदा तपासल्या. महिनाअखेरपर्यंतच्या सगळ्या पानांवर तेवीस रकाने भरून ठेवलेत. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिलंय: कोरा रकाना ठेवू नका, द्वारकाबाईंना विचारा. त्यांची बदली रद्द करण्याचा अर्ज टेबलावर आहे. नव्या बाईंनी माझ्यासारखं वागू नये.

घरी हृषीकेशजवळ ती बसलीय. मी येते, असं सांगून आले.

६.३८. आजच्या पानावर शेवटी लिहिलं: क्रमांक २५. संहिता. आणणारी व्यक्ती: स्वतः. वय ३४. मग थांबले. तिला रजिस्टरच दिसतं, तर वयही दिसेल. मोठ्या बाईला कशाला नेईल? खोडलं. ४ केलं. आयुष्यात पहिल्यांदा वय खोटं लिहिलं.

नेणारी व्यक्ती: कोरा.

यानंतर स्कूटी चालवत घरी कोणीतरी जाईलच. स्वयंपाक करील. चिडणार नाही, ताट आपटणार नाही. हृषीकेशला थोडे दिवस बरं वाटेल. मग एखाद्या दिवशी तोही शिखासारखा— हृषी, मला माफ कर. तुझ्याकडे एक ठेवून एक आणायला जाता आलं असतं तर—

६.४९. मांडणीशी बसलेय. मांडीवर वही. उर्वीच्या दप्तरात कोरडे पोहे आणि शेव घेतलीय. तन्वीचा रुमाल. मानससाठी काय घ्यावं सुचलं नाही. माझा दंड आहे.

६.५१. भीती वाटतेय. खूप. पेन—

शाईचा वास. समोर रजिस्टराचं पान आपोआप— माझ्या ओळीवर— कोणीतरी वाकून, अगदी डोळे टेकवून वाचतंय—

बोट. माझ्या मुठीत बोट आलं. गार नाही. म्हातारं, खरखरीत, दुधाचा वास—

दार तसंच आहे पण पलीकडे खूप— किती चपला— बारीक बारीक— आणि त्यांत दोन उलट्या— उर्वी! अगं इकडे, बाहेर आले मी, आता म्हण, आता चालतं, म्हण—

आ